कट-ऑफ दोन दिवस ‘फॉरवर्ड’: रबाळ्यातल्या एका चुकलेल्या कंटेनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्याला मी ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग घेतो. शनिवार-रविवार, सकाळच्या वेळी. येणारे बहुतेक जण मराठी माध्यमातले. त्यांचं व्याकरण बरं असतं, पण मेल लिहायची वेळ आली की हात थरथरतो. या प्रकरणातल्या ताई दोन वर्षांपूर्वी अशाच माझ्या वर्गात होत्या. दिघ्याहून यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या आणि मी फळ्यावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायच्या. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

ताई रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतात. कारखाना मसाले, भाजणी, पापड यांचा. साधारण दीड-दोन महिन्यांतून एकदा वीस फुटी कंटेनर भरून माल इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेबाला एक काका आहेत, साठी ओलांडलेले, संगणक आला तरी शेजारी लाल वही ठेवणारे. माल न्हावा शेवा बंदरात पोचवून जहाजावर चढवायची व्यवस्था वाशीतला एक फ्रेट फॉरवर्डर करतो. कुणाचंही नाव मी देत नाही, मालाचे तपशीलही थोडे बदलले आहेत. तारखा मात्र खऱ्याच ठेवल्या आहेत, कारण त्या आठवड्यातले सण बाजूला काढले तर हे प्रकरण कळणारच नाही.

बंदराशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जहाज सुटायच्या आधी बंदराचं गेट त्या जहाजाच्या कंटेनरसाठी एका ठरावीक वेळेला बंद होतं. ती वेळ म्हणजे गेट कट-ऑफ. तोवर कंटेनर आत गेला पाहिजे, कस्टम्सची परवानगी झाली पाहिजे, फॉर्म १३, म्हणजे कंटेनर बंदरात शिरायचा परवाना, निघाला पाहिजे आणि भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, ज्याला धंद्यात व्हीजीएम म्हणतात, कळवलेलं पाहिजे. १ जुलै २०१६ पासून हे वजन दिल्याशिवाय जहाजावर कंटेनर चढवतच नाहीत. कट-ऑफ चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर जातो. त्याला ‘रोल झाला’ म्हणतात, आणि रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या कुठल्याही निर्यातदाराला हा शब्द आवडत नाही.

हल्ली या तारखा फार हलतात. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातले हल्ले चुकवण्यासाठी बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, वेळापत्रकं कोलमडली. त्यामुळे कट-ऑफ बदलल्याचा मेल येणं यात ताईंना काहीच नवल नव्हतं. असे मेल त्यांनी आधीही पाहिले होते, आणि सगळे एकाच दिशेचे होते: जहाजाला उशीर आहे, तारीख लांबली.

समस्या

मूळ कट-ऑफ होती शनिवार, २९ मार्च, संध्याकाळी सहा. शुक्रवारी कारखान्यात कंटेनर भरायचा, शनिवारी सकाळी ट्रेलर उरण फाट्यावरून, गव्हाण फाट्यावरून बंदरात, असं ठरलं होतं. रविवारी, ३० मार्चला, गुढीपाडवा. सोमवारी ईद आणि आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस.

सोमवारी, २४ मार्चला दुपारी बाराच्या सुमारास फॉरवर्डरचा मेल आला. एकच वाक्य: गेट कट-ऑफ ‘हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज’, कृपया नोंद घ्यावी. नवी तारीख नाही, वार नाही.

ताईंनी वाचलं ते असं: कट-ऑफ दोन दिवस पुढे आणली. म्हणजे शनिवारची सोमवार.

इंग्रजी वाक्याचा अर्थ होता नेमका उलटा. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ठरलेल्या वेळेआधी घेणे, अलीकडे आणणे. शनिवारची झाली होती गुरुवार, २७ मार्च.

ताईंना शंका आलीच नाही असं नाही. हे मला नंतर कळलं, आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच आहे. ‘ब्रॉट’ हा शब्द त्यांना खटकला. लांबणीवर टाकलं असेल तर ‘पोस्टपोन्ड’ लिहिलं असतं, हे ‘आणलं’ कुठून आलं? म्हणून त्यांनी शेजारच्या टेबलावर काकांना विचारलं. काका मार्चअखेरीच्या हिशेबात बुडालेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘ब्रॉट फॉरवर्ड म्हणजे मागच्या पानावरून पुढच्या पानावर आणलेलं. चाळीस वर्षं लिहितोय मी.’’

काकांचं खोटं नव्हतं. जमाखर्चाच्या वहीत पानाच्या तळाशी ‘कॅरीड फॉरवर्ड’ आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहितात. रक्कम जुन्या पानावरून नव्यावर येते, मार्चमधून एप्रिलमध्ये येते. तिथे फॉरवर्डची दिशा खरोखरच पुढच्या काळाकडे आहे. शंका योग्य होती, विचारणंही योग्य होतं, उत्तर देणारा माणूस जाणकार होता आणि उत्तर त्याच्या वहीपुरतं शंभर टक्के बरोबर होतं. इथे फक्त वही दुसरी होती.

ताईंनी मेलला उत्तर दिलं: ‘नोटेड, थँक्स’. मग आत जाऊन सांगितलं, ‘‘अण्णा, कट-ऑफ दोन दिवस पुढे गेलीय.’’ अण्णा खूश. शेवटची गरम मसाल्याची बॅच पॅकिंगला अजून लागायची होती. त्यांनी लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून गाडी शुक्रवारऐवजी शनिवारी सांगितली. शनिवारी भरायचं, रविवारी पाडवा निवांत, सोमवारी गेट. सोयीचं उत्तर मिळालं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणखी एक संधी त्याच दिवशी आली आणि गेली. दर सोमवारी त्यांच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला, लेस्टरच्या व्यापाऱ्याशी फोन असतो. व्यापारी मूळचा गुजराती, बोलणं हिंदी-इंग्रजी मिसळून. अण्णा म्हणाले, ‘‘कट-ऑफ टू डेज फॉरवर्ड हो गया है.’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘गुड, गुड.’’ त्याने गुरुवार ऐकला आणि माल लवकर येतोय म्हणून खूश झाला. यांनी सोमवार सांगितला आणि पाडवा मिळाला म्हणून खूश झाले. शब्द एकच, समाधान दोघांचं, मधे चार दिवसांचं अंतर.

बुधवारी संध्याकाळी: समोर असलेले पर्याय

बुधवारी २६ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास कस्टम्स एजंटकडच्या मुलाचा फोन आला. ‘‘ताई, फॉर्म १३ साठी कंटेनर नंबर द्या ना. उद्या सहाला गेट बंद होतंय, तुमची गाडी कुठे आहे?’’

गाडी कुठेच नव्हती. रिकामा कंटेनर यार्डातून उचललेला नव्हता. ७८० खोक्यांपैकी ५४० तयार होते.

पुढच्या अर्ध्या तासात अण्णा, ताई आणि फोनवर फॉरवर्डर यांच्यात जे बोलणं झालं, त्यात चार वाटा निघाल्या.

पहिली, रात्रभर काम करून सगळा माल तयार करायचा, पहाटे भरायचा आणि दुपारपर्यंत बंदर गाठायचं. कागदावर हे जमत होतं. पण पॅकिंगला सगळ्या बायका, त्या सहाला घरी जातात आणि त्यांना रात्री थांबवायचं नाही हा अण्णांचा जुना नियम. शिवाय घाईत बंद केलेलं पाकीट लेस्टरला उघडं निघालं तर त्याची भरपाई वेगळी.

दुसरी, तयार असलेले ५४० खोकेच पाठवायचे. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं निवेदन, अजून दाखल झालेलं नव्हतं, त्यामुळे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बदलणं शक्य होतं. पण भाडं अख्ख्या कंटेनरचं, माल दोन तृतीयांश. आणि राहिलेले २४० खोके एकटे जाणार कशात?

तिसरी, जहाज कंपनीकडे लेट गेट-इन मागायचं. ती जादा पैसे घेऊन कधी कधी काही तास देते, देईलच असं नाही.

चौथी, कंटेनर पुढच्या जहाजावर टाकायचा. त्याची कट-ऑफ शनिवार, ५ एप्रिल.

अण्णांना आधी राग आला होता तो फॉरवर्डरवर: ‘‘तारीख लिहायला काय झालं होतं तुम्हाला?’’ फॉरवर्डरचं म्हणणं, ‘‘तुमचा नोटेड आला ना?’’ दोघांचंही बरोबर होतं आणि त्याने कंटेनर हलत नव्हता. भांडण दहा मिनिटांत आवरतं घेतलं, याचं श्रेय अण्णांना दिलं पाहिजे.

काय केलं

त्यांनी तिसरी वाट आधी आजमावली आणि स्वतःला वेळेची मर्यादा घातली: रात्री साडेआठपर्यंत उत्तर आलं तर बघू, नाहीतर रोल. साडेआठच्या आत उत्तर आलं. चार तास मिळतील. म्हणजे गुरुवारी रात्री दहा. अण्णांनी बोटांवर हिशेब केला: सकाळी यार्डातून कंटेनर, दुपारी भरणं, दाराला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील), मग संध्याकाळच्या गर्दीत ठाणे-बेलापूर रोड आणि पुढे करळ फाट्याची रांग. ‘‘नको,’’ म्हणाले. कंटेनर ५ एप्रिलच्या जहाजावर टाकला.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. मसाला महिनाभर थांबू शकतो. हापूस असता तर गणित निराळं झालं असतं.

मी या प्रकरणात आलो ते गुरुवारी सकाळी. लेस्टरला कळवायचा मेल ताईंनी लिहिला होता आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवायला फोन केला. त्यात वाक्य होतं: ‘वुई आर पुशिंग द शिपमेंट फॉरवर्ड टू नेक्स्ट वीक’. आदल्या दिवशी जो शब्द त्यांना बुडवून गेला तोच, आणि पुन्हा मराठीतल्या ‘पुढे ढकलणे’च्या वेषात. मी म्हटलं, ‘‘ताई, दिशा दाखवणारा शब्दच काढून टाका. तारीख लिहा.’’ मेल असा गेला: २७ मार्चची कट-ऑफ आमच्याकडून चुकली, कंटेनर आता ५ एप्रिल, शनिवार, या कट-ऑफच्या जहाजावर जाईल, झालेल्या उशिराबद्दल क्षमस्व.

चूक आपली आहे हे लिहावं की नाही यावर अण्णा थोडे अडले. ‘जहाजाच्या वेळापत्रकात बदल झाल्यामुळे’ असं लिहिलं तर खोटंही नव्हतं. शेवटी त्यांनी खरं लिहायला सांगितलं, कारण सोमवारच्या फोनवर त्यांनी स्वतःच ‘फॉरवर्ड’ म्हटलं होतं आणि व्यापाऱ्याला ते आठवणार होतं.

तो तक्ता माझा होता

शनिवारी, २९ तारखेला, ताई वर्गात आल्या. ज्या दिवशी त्या कंटेनर भरून घेणार होत्या तोच दिवस. जुनी वही सोबत आणली होती. तिच्या एका पानावर माझ्या वर्गातला तक्ता होता, नीट रेघा मारून: अपवर्ड – वर, डाऊनवर्ड – खाली, बॅकवर्ड – मागे, फॉरवर्ड – पुढे.

त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त पान उघडून समोर ठेवलं.

तक्ता चुकीचा म्हणता येत नाही. रस्त्यावर उभं राहून ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हणजे पुढे चला, हे बरोबरच. गोंधळ सुरू होतो तो जागेचा शब्द वेळेला लावला की. मराठीत वेळेच्या बाबतीत ‘पुढे’ची दिशा पक्की आहे. पुढचा आठवडा म्हणजे येणारा, मागचा म्हणजे गेलेला. परीक्षा पुढे ढकलली म्हणजे लांबली. ठाण्याच्या कोर्टात पुढची तारीख पडली म्हणजे काय, ते ज्याला पडली आहे त्याला विचारा. लवकर घेण्यासाठी आपला शब्द वेगळाच आहे आणि फार सुरेख आहे: अलीकडे. मुलगा परदेशी जायचा म्हणून लग्न अलीकडे घेतलं. नदीचा अलीकडचा काठ, पलीकडचा काठ. बोलणारा इथे उभा आहे आणि घटना त्याच्या जवळ ओढली, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं.

‘ब्रिंग फॉरवर्ड’मध्ये चित्र नेमकं हेच आहे. घटना भविष्यातून आपल्या दिशेने येते आहे, तिचं तोंड आपल्याकडे आहे, ती एक पाऊल पुढे सरकली की आपल्याला जवळ येते. ‘पुढे ढकलणे’मध्ये चित्र दुसरं. आपण चाललो आहोत, तोंड भविष्याकडे, वाटेतली वस्तू आपण पुढे लोटली की ती आपल्यापासून लांब जाते. पुढे दोन्हीकडे आहे. एकात घटनेचं पुढे, दुसऱ्यात आपलं.

हा घोळ फक्त मराठी माणसाचा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही बुधवारची मीटिंग ‘मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज’ असं सांगितलं तर काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावर लोकांना विचारला होता. नुकतेच विमानातून उतरलेले लोक कुणाला न्यायला आलेल्यांपेक्षा जास्त वेळा शुक्रवार म्हणाले. स्वतः प्रवास केलेल्याला आपण काळातून पुढे चाललो आहोत असं वाटतं, थांबलेल्याला काळ आपल्याकडे येतोय असं. मी हा प्रश्न त्या शनिवारी वर्गात विचारला. वर्ग दुभंगला, आणि दोन्ही बाजू इतक्या खात्रीने बोलत होत्या की मला मधे पडावं लागलं. लोकलने आलेले आणि नौपाड्यातून चालत आलेले यांची वेगळी मोजणी करायची होती, ते भांडणात राहून गेलं.

मात्र ‘मूव्ह फॉरवर्ड’ संदिग्ध आहे म्हणून ‘ब्रिंग फॉरवर्ड’ही संदिग्ध आहे असं समजू नये. तारखेबद्दल बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे लवकर, यात इंग्रजी वापरात वाद नाही. लांबवायचं असेल तर ‘पुट बॅक’ किंवा ‘पुश बॅक’, आणि तिथे ‘बॅक’ पाहून मराठी माणूस पुन्हा फसतो: मागे ढकललं म्हणजे आधी घेतलं असेल असं वाटतं.

तक्त्यात पुढेऐवजी काय लिहायला हवं होतं, यावर मी पाडव्याची पुरणपोळी अर्धी टाकून विचार करत बसलो होतो (घरच्यांचं यावर वेगळं मत आहे). सापडलं ते आपल्याच घरात: आगाऊ. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना, आगाऊ आरक्षण, म्हणजे वेळेआधी. आणि आगाऊ पोरगा म्हणजे शहाणपणा मिरवत पुढे-पुढे करणारा. इंग्रजीतही ‘फॉरवर्ड’ मुलगा म्हणजे अगदी हाच, चारचौघांत जास्त बोलणारा. आगा-पिछातला आगा, समोरची बाजू, आणि त्यातूनच आलेलं ‘वेळेआधी’. इंग्रजी शब्दातला ‘फोर’ही समोरचाच, आणि ‘बिफोर’मध्ये तो आधीचा अर्थ धरून बसला आहे. ‘फोरफादर’ला आपण पूर्वज म्हणतो, त्या पूर्वमध्येही समोरची दिशा आणि आधीचा काळ एकत्र नांदतात. म्हणजे ‘जे समोर ते आधी’ ही कल्पना मराठीला मुळीच परकी नाही. फक्त ती ‘पुढे’ या शब्दात नाही, ‘आगाऊ’ आणि ‘पूर्व’मध्ये आहे. मी तक्त्यात चुकीच्या शेजाऱ्याचं दार ठोठावलं होतं.

‘प्रीपोन’बद्दलही इथेच बोलून घेतो, कारण वर्गात तो लगेच निघाला. ‘‘सर, मग प्रीपोन लिहिलं असतं तर?’’ या शब्दाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. तो भारतीय इंग्रजीत रुळला हे खरं, पण १९१३ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सला आलेल्या एका वाचकाच्या पत्रातही तो सुचवला गेला होता, आणि आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. माझं मत विचाराल तर या सगळ्या कुटुंबात सरळ वागणारा तोच एक. वाशीच्या फॉरवर्डरने ‘प्रीपोन्ड’ लिहिलं असतं तर रबाळ्यात कुणीही चुकलं नसतं. लेस्टरला लिहिताना मात्र तो टाळावा, तिथे तो सगळ्यांना कळेलच असं नाही.

निकाल

कंटेनर ५ एप्रिलच्या कट-ऑफला वेळेत गेटच्या आत गेला, अख्खे ७८० खोके घेऊन. गाडीची रद्द झालेली फेरी, बुकिंग बदलल्याचे पैसे आणि व्यापाऱ्याला द्यावी लागलेली थोडी सूट, एवढं नुकसान झालं. नेमका आकडा छापायचा नाही ही अण्णांची अट आहे. व्यापारी कुरकुरला, पण तुटला नाही. ‘‘सच बोल दिया इसलिए,’’ असं त्याने नंतर सांगितलं म्हणे.

ताईंची नोकरी धोक्यात आली नाही. काका मात्र दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी स्वतःच लाल वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: ‘ब्रॉट फॉरवर्ड – हिशेबात पुढच्या पानावर; तारखेत अलीकडे’. माझ्या तक्त्यापेक्षा ती नोंद सरस आहे.

ऑफिसात एक पद्धत सुरू झाली. तारीख बदलल्याचा कुठलाही मेल आला की ‘नोटेड’ पाठवायचं नाही. उत्तरात तीन गोष्टी लिहायच्या: जुनी तारीख, नवी तारीख आणि दोन्हींचे वार. वार का, तर अंक चुकून टाइप होतो, वार सहसा होत नाही. तोंडी सांगतानाही ‘पुढे गेली’, ‘मागे आली’ बंद, ‘गुरुवार झाला’ असं सांगायचं. ‘परवा’ पण बंद, कारण आपलं परवा दोन्ही बाजूंना चालतं आणि कुठलं ते फक्त क्रियापदावरून कळतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ताई कट-ऑफ गोल करतात आणि बदलली की बाण काढतात. बाणाला भाषांतर लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मागे वळून पाहिलं तर थांबायच्या जागा तीन होत्या.

पहिली अर्थातच तो मेल. फॉरवर्डरने एक तारीख लिहिली असती तर हा लेखच झाला नसता. पण पाठवणाऱ्याने काय लिहावं हे आपल्या हातात नसतं. ‘म्हणजे सोमवार, ३१ मार्च ना?’ एवढं एक वाक्य उलट विचारणं हातात होतं. तीस सेकंदांत ‘नाही, गुरुवार’ असं उत्तर आलं असतं. ताई म्हणाल्या की त्यांना संकोच वाटला, इंग्रजी येत नाही असं वाटेल म्हणून. हा संकोच वर्गात शिकवणाऱ्यांनीच पेरलेला असतो. ‘समजलं का’ विचारल्यावर मान डोलवणाऱ्याला आम्ही हुशार म्हणतो.

दुसरी जागा काकांची. ताईंनी शब्दाचा अर्थ विचारला, अख्खं वाक्य वाचून दाखवलं नाही. ‘कट-ऑफ’ हा शब्द कानावर पडला असता तर काकांनाही वाटलं असतं की हे वहीचं प्रकरण नाही. अर्थ विचारायचा तर वाक्यासकट विचारावा, आणि शक्य तर ज्याच्या धंद्यातला शब्द आहे त्याला. इथे एजंटकडचा मुलगा एका फोनच्या अंतरावर होता.

तिसरी सोमवारचा फोन. ‘दोन दिवस’ हा फरक आहे, तारीख नाही. फरक सांगितला की ऐकणारा दिशा आपल्या मनातली लावतो. अण्णा हे ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे चूक इंग्रजीची नव्हतीच.’’ मी अर्धा सहमत आहे. इंग्रजीची होतीच, पण ती बुधवारपर्यंत टिकली ती मराठीत, ‘पुढे गेलीय’ या दोन शब्दांत, जे कारखान्यात कुणालाच परत तपासावेसे वाटले नाहीत.

पुढची एक नोंद

त्याच आठवड्यात आणखी एक फॉरवर्ड आला होता, तो गडबडीत जवळजवळ निसटला. गुढीपाडव्याच्याच रविवारी, ३० मार्चला, इंग्लंडमधली घड्याळं तासाने पुढे गेली. तिथे दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात. व्यापाऱ्याने शुक्रवारच्या मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं: ‘क्लॉक्स गो फॉरवर्ड ऑन संडे’, सोमवारचा फोन नेहमीप्रमाणे दहाला.

ताईंनी हे वर्गात काढलं. घड्याळ पुढे करणे मराठीतही पुढेच आहे, इथे दोन्ही भाषांचं एकमत. पण त्यांचे दहा आता लवकर वाजणार. साडेपाच तासांचं अंतर साडेचार होणार, आणि आपला साडेतीनचा फोन अडीचला येणार. घड्याळ पुढे, फोन अलीकडे. वर्गातल्या एकाने हे ऐकून कपाळाला हात लावला. ताईंनी वहीत दोन घड्याळं काढली, शेजारी शेजारी, आणि सोमवारी अण्णांना सवादोनला फोनपाशी बसवलं. फोन अडीचला आला.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळी होऊन गेल्यावर, लेस्टरहून मेल आला की २६ तारखेच्या रविवारी घड्याळं ‘बॅक’ जातील. ताईंनी मला फोन केला नाही. त्यांनी उलट मेलमध्ये एकच ओळ लिहिली: म्हणजे सोमवार, २७ ऑक्टोबर, आमच्या वेळेने दुपारी ३:३०, बरोबर? उत्तर आलं: बरोबर.